दारावरचं नाव

बर्लिनमध्ये माझ्या नावाने आलेलं पहिलं पत्र मला मिळालंच नाही. त्यात आरोग्यविम्याचं कार्ड होतं. आठ-दहा दिवस वाट पाहून विमा कंपनीला फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं की पत्र परत आलंय आणि त्यावर शेरा आहे: या नावाचं इथे कोणी नाही. मी त्याच घरात तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी उभी राहून बोलत होते. रस्त्याचं नाव बरोबर होतं, घराचा क्रमांक बरोबर होता, पिनकोडचे पाचही आकडे बरोबर होते. फक्त खाली टपालपेटीवर माझं आडनाव नव्हतं.

साताऱ्यात आमच्या पोस्टमनकाकांना पेठ आणि आडनाव सांगितलं की पुरतं. पत्त्यात चूक असली तरी पत्र घरी येतं, कारण त्यांना माणसं माहीत असतात. जर्मनीत फ्लॅटला सहसा क्रमांक नसतो. एका इमारतीत वीस बिऱ्हाडं असली तरी सगळ्यांचा पत्ता एकच, घर क्रमांक अमुक. कोणता जिना, कोणता मजला, हे पत्रावर लिहीत नाहीत. फाटकावर घंटांची पाटी असते, आत टपालपेट्यांची रांग असते, आणि दोन्हींवर आडनावं असतात. पोस्टमन आडनाव शोधतो. नाव नसेल तर माणूस नाही. ही गोष्ट मला निघण्याआधी कोणी सांगितली नव्हती. व्हिसासाठी कागद जमवताना मी वर्षभर जर्मनीबद्दल वाचत होते, पण टपालपेटीबद्दल एक ओळ वाचल्याचं आठवत नाही.

पैशांचं मात्र सगळं पाठ होतं. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरावा लागतो. मी आले तेव्हा ती रक्कम ११,९०४ युरो होती, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास. त्यातले महिन्याला ९९२ युरोच हाती पडतात. बाबांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढून आणि उरलेले बँकेकडून घेऊन ते भरले. पण ते पैसे मिळवायला जर्मन बँकेत साधं खातं लागतं. मी गेले त्या बँकेने खात्यासाठी पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागितला. नोंदणीसाठी घरमालकाची सही लागते. आणि माझ्या पहिल्या घरात ती सही मिळणार नव्हती.

त्या घरी पोहोचले तो सप्टेंबरच्या अखेरचा एक शनिवार होता. दोहामार्गे आलेलं विमान संध्याकाळी उतरलं. बर्लिनचा हा नवा विमानतळ २०२० साली सुरू झाला. स्टेशन त्याच्या पोटातच आहे. शहराच्या रेल्वेचे ए, बी आणि सी असे तीन पट्टे आहेत. विमानतळ सी पट्ट्यात येतो, म्हणून तिकीट तिन्हींचं घ्यावं लागतं. ते घेऊन मी फलाटावर दोन बॅगा सांभाळत उभी होते. शेजारच्या आजींनी माझ्या हातातल्या कोऱ्या तिकिटाकडे पाहिलं आणि काही न बोलता खांबावरच्या छोट्या पेटीकडे बोट दाखवलं. तिकीट त्या पेटीत घालून शिक्का मारून घ्यायचा असतो. शिक्का नसेल तर तिकीट विकत घेतलेलं असूनही तुम्ही विनातिकीट ठरता, आणि दंड ६० युरो. बर्लिनच्या स्टेशनांवर अडवणारी फाटकं नाहीत. कोणीही सरळ गाडीत शिरू शकतो. तपासनीस पुष्कळदा साध्या कपड्यांत येतात आणि गाडी सुटली की ओळखपत्र काढतात. त्या आजींचे माझ्यावर ६० युरोंचे उपकार आहेत.

खोली नॉयकोल्न भागात होती. मूळ भाडेकरू दोन महिन्यांसाठी परगावी गेला होता आणि त्याने ती मला दिली होती. फाटकातून आत गेलं की चौक, चौकापलीकडे मागची इमारत, तिच्यामागे आणखी एक चौक. पहिल्या रात्री अंधारात मला हे अगदी ओळखीचं वाटलं. पुण्यातल्या वाड्यांत असंच आत आत जावं लागतं. नंतर कळलं की या घरांचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांमुळे बर्लिनची वस्ती भराभर वाढली. १८६२ साली जेम्स होब्रेख्ट या अभियंत्याच्या आराखड्याने रुंद रस्ते आणि मोठमोठे भूखंड आखले गेले. मालकांनी त्या भूखंडांत एकामागे एक इमारती उठवल्या. मधल्या चौकाची किमान लांबी-रुंदी ५.३४ मीटर हवी, एवढीच १८५३च्या नियमाची अट होती, कारण आगीचा बंब तेवढ्या जागेत वळत असे. माणसाला ऊन किती लागतं याचा हिशेब त्यात नव्हता. रस्त्याकडच्या भागात पैसेवाले राहत आणि मागच्या चौकांत कामगार. माझी खोली मागच्या इमारतीत होती. सप्टेंबरमध्येही तिथे दुपारी तासभरच ऊन यायचं.

दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं कायद्यानेच बंद असतात. काही मोठ्या स्टेशनांतली दुकानं आणि कोपऱ्यावरची उशिरापर्यंत चालणारी छोटी दुकानं तेवढी उघडी मिळतात. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. मी आईने दिलेल्या गुळाच्या दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली. साताऱ्याची मुलगी कंदी पेढ्यांशिवाय आली, याचं आईला फार वाईट वाटलं होतं. पण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, म्हणून तूप आणि पेढे घरीच राहिले. पाणी नळाचं प्यायलं तरी चालतं, हे मात्र बरं होतं. मी बाटली विकत घेतली तेव्हा बिलात २५ सेंट जास्त लागले होते. ते बाटलीचे. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ते परत मिळतात. काचेच्या बिअरच्या बाटलीचे आठ सेंट. संध्याकाळी उद्यानात काही वृद्ध माणसं पिशवी घेऊन लोकांनी ठेवलेल्या बाटल्या गोळा करताना दिसतात. इथले लोक बाटली कचरापेटीत न टाकता पेटीशेजारी ठेवतात, म्हणजे त्या माणसांना पेटीत हात घालावा लागत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, आणि मला तो इथल्या सगळ्या लिखित नियमांहून मोठा वाटतो.

सोमवारी पीठ आणायला गेले. इथे गव्हाच्या पिठाच्या पुड्यावर आकडा असतो: ४०५, ५५०, १०५०. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर जितके मिलिग्रॅम राख उरते तो हा आकडा. कोंडा जास्त असेल तर राख जास्त, म्हणून आकडा मोठा. ४०५ म्हणजे आपला मैदा. मी तोच उचलला, कारण सगळ्यात स्वस्त होता, आणि त्याच्या पोळ्या थंड झाल्यावर चामड्यासारख्या झाल्या. अर्धं १०५० आणि अर्धं पूर्ण गव्हाचं घेतलं तर घडीची पोळी जमते. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, आकडे कसले बघतेस, हातात घेऊन बघ ना पीठ.” पुडा बंद असतो, हे तिला पटेना.

खोलीची गोष्ट या सगळ्याच्या मागे चालूच होती. जर्मनीच्या कायद्याने घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नागरिक कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. नागरिक कार्यालयाला इथे ब्युर्गरआम्ट म्हणतात आणि या नोंदणीला आनमेल्डुंग. नव्या विद्यार्थ्यांच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहा वेळा असतो: तुझं आनमेल्डुंग झालं का? घर देणाऱ्याने सही केलेला एक कागद तिथे द्यावा लागतो. मूळ भाडेकरूने आधी फोनवर ‘बघू’ म्हटलं होतं. पैसे मिळाल्यावर त्याने कळवलं की मालकाला न सांगता खोली दिलीय, त्यामुळे सही देता येणार नाही आणि पेटीवर नावही लावता येणार नाही. रागापेक्षा भीती जास्त वाटली. कागद नाही, खातं नाही. खातं नाही म्हणजे बाबांचे पैसे गोठलेलेच. माझ्याजवळच्या परकीय चलनाच्या कार्डावर सहाशे युरो उरले होते.

त्या आठवड्यात मी जवळजवळ साठ जणांना खोलीसाठी लिहिलं. बर्लिनमध्ये वाटून घेतलेल्या घरातली खोली मिळवायची तर आधी मुलाखत होते. स्वयंपाकघरात बसवतात, चहा देतात, विचारतात की भांडी लगेच घासतेस का, रात्री फोनवर बोलतेस का, आमच्याबरोबर जेवशील की आपापलं? मला हे आवडलं. ज्यांच्याबरोबर राहायचं त्यांनी माणूस पाहून घ्यावा, यात गैर काही नाही. पण माझ्याआधी चाळीस माणसं पाहून झालेली असत. चार मुलाखती झाल्या, चारही ठिकाणी नकार आला. नकार मात्र सगळ्यांनी कळवला.

पाचवी खोली शोनेबेर्ग भागात होती. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई एकट्या राहत होत्या आणि त्यांना मुलाची जुनी खोली भाड्याने द्यायची होती. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात बी-वनपर्यंत शिकलेलं सगळं जर्मन मी त्या तासाभरात खर्च केलं. शेवटी मी विचारलं की इथे माझा पत्ता नोंदवता येईल का. त्यांनी असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की या घराला छप्पर आहे का. “अर्थात,” त्या म्हणाल्या. “नाहीतर तुम्ही इथे राहताय असं कसं म्हणणार?”

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या आडनावाचं स्पेलिंग विचारून घेतलं. रोमन लिपीत त्याची अकरा अक्षरं होतात. पेटीवरच्या छोट्या पट्टीत ती मावेनात, म्हणून त्यांनी टाइप लहान करून दोनदा छापलं, कात्रीने कापलं, आणि आम्ही दोघी खाली गेलो. त्यांनी पट्टी सरकवली आणि अंगठा फिरवून सपाट केली. एक पेटीवर, एक घंटेच्या पाटीवर. मी फोटो काढून घरी पाठवला. बाबांनी तो वॉट्सॅपवर स्टेटसला ठेवला. ब्रांडेनबुर्ग दरवाज्यासमोरचा माझा फोटो त्यांनी ठेवला नव्हता.

भेटीची वेळ मिळवणं हे पुढचं काम. बर्लिनचे बारा विभाग आहेत आणि शहरातल्या कुठल्याही नागरिक कार्यालयात नोंदणी करता येते, हे माहीत असलं की काम सोपं होतं. आपल्याच विभागाची वेळ धरून बसायचं नाही. सकाळी लवकर संकेतस्थळ उघडावं, रद्द झालेल्या वेळा तिथे दिसतात. ११५ या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. मला शहराच्या पश्चिम टोकाला, श्पांडाऊला वेळ मिळाली. तिथलं काम दहा मिनिटांचं होतं. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. त्याचं कारण असं की नोंदणीकृत ख्रिस्ती पंथाच्या माणसाकडून सरकार चर्चसाठी कर गोळा करतं, बर्लिनमध्ये प्राप्तिकराच्या नऊ टक्के. बाकीच्यांना तो लागू होत नाही.

अडलं ते नावापाशी. माझ्या पासपोर्टात आपल्याकडच्या रीतीप्रमाणे माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव आहे. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने पहिली दोन्ही एकत्र वाचली आणि विचारलं, ही दोन्ही तुमची नावं? मी समजावलं की दुसरं माझ्या वडिलांचं आहे. तो थोडा विचारात पडला, मग म्हणाला, पासपोर्टात ते तुमच्या नावाच्या जागी छापलंय, म्हणजे आमच्या दृष्टीने ते तुमचंच. तेव्हापासून या देशातली माझी सगळी पत्रं ‘श्रीमती’ लिहून माझ्या आणि बाबांच्या जोडनावाने येतात. करक्रमांकाचं पत्र तसं आलं, विमा कार्ड तसं आलं, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीची सूचनाही तशीच आली. ती वर्गणी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो असते. घरात कोणी एकाने भरली की बाकीच्यांना लागत नाही, फक्त तसं कळवावं लागतं. बाबांना मी हे नावाचं सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे मी पण पोचलो की बर्लिनला.” त्यांनी अजून मुंबईचा विमानतळ सोडून दुसरा पाहिलेला नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला वर्ग सुरू झाले. माझं विद्यापीठ म्हणजे फ्राये युनिव्हर्सिटेट. फ्राय म्हणजे मुक्त. शहराच्या जुन्या विद्यापीठावर सोव्हिएत अंमलात दडपण आलं, काही विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं, तेव्हा तिथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी १९४८च्या डिसेंबरात पश्चिमेकडच्या डालेम भागात हे नवं विद्यापीठ काढलं. विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं विद्यापीठ म्हणून मी ते निवडलं होतं. प्रवासाचं तिकीट सत्राच्या शुल्कातच येतं. देशभर चालणाऱ्या मासिक पासाच्या साठ टक्के किमतीत तो विद्यार्थ्यांना मिळतो, आणि त्याच पासावर सुटीत हांबुर्गलाही जाता येतं, फक्त जलद गाड्या सोडून.

घरून यू-सात या भुयारी गाडीने फेरबेलिनर प्लात्सला जायचं, तिथून यू-तीन. ब्राइटेनबाखप्लात्स गेलं की गाडी जमिनीखालून उघड्यावर येते आणि दोन्ही बाजूंना झाडांचे उतार लागतात. डालेम-डॉर्फ स्टेशनच्या इमारतीला चक्क गवताचं छप्पर आहे. १९१३ साली हे स्टेशन सुरू झालं तेव्हा डालेम गाव होतं, म्हणून ते शेतकऱ्याच्या घरासारखं बांधलं. पुढचं स्टेशन विद्यापीठाचं.

पहिल्या दिवशी मी दहाच्या तासाला पावणेदहाला पोचले. वर्गात कोणी नव्हतं. वेळापत्रकात दहाच्या पुढे ‘सी.टी.’ अशी दोन अक्षरं होती. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘वेळेसह’. म्हणजे तास सव्वादहाला सुरू होतो. हा पाव तास जर्मन विद्यापीठांची जुनी चाल आहे. तास संपला तेव्हा सगळे एकदम बाकावर बोटांची पेरं आपटू लागले. मला वाटलं निषेध आहे. इथे विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बाक वाजवतात. सत्राच्या शेवटी मीही अशी काही वाजवली की हात दुखला, कारण तो विषय घेणाऱ्या बाई खरोखरच उत्तम शिकवतात. जेवणाची सोय स्वस्त आणि चांगली आहे. विद्यापीठाची एक खाणावळ २०१०पासून पूर्ण शाकाहारी आहे, त्यामुळे शाकाहारी मुलांनी जेवणाच्या धास्तीने येणं टाळू नये.

स्टेशनपासून पाचेक मिनिटांवर ईनेश्ट्रासे नावाचा रस्ता आहे. तिथल्या २२ क्रमांकाच्या इमारतीसाठी मी साताऱ्याहून निघाले होते, असं म्हटलं तरी चालेल. मी समाजशास्त्राकडे वळले ती इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ वाचून. इरावतीबाई १९२८ साली बर्लिनला आल्या आणि याच इमारतीत काम करू लागल्या. मानववंशशास्त्राची ही कैसर विल्हेल्म संस्था त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाली होती. संचालक होते ऑयगेन फिशर, त्यांचे मार्गदर्शक. सुनेने परदेशी शिकायला जावं हे महर्षी कर्व्यांना पसंत नव्हतं. दिनकररावांनी कर्ज काढून पत्नीला पाठवलं.

फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंत जो फरक असतो तो गोऱ्या लोकांत जास्त आणि इतरांत कमी, हे दाखवता आलं तर गोऱ्यांची बुद्धी निराळी असं म्हणता येईल, ही त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. फरक सगळ्यांतच होता. वंशाशी त्याचा संबंध दिसेना. त्यांनी प्रबंधात तेच लिहिलं. पंचविशीतली मुलगी, परका देश, डोक्यावर कर्ज, पदवी ज्यांच्या हातात तेच मार्गदर्शक, आणि तिने त्यांच्या मताविरुद्ध निष्कर्ष नोंदवला. महाराष्ट्रात इरावतीबाईंच्या पोशाखाच्या आणि स्कूटरच्या आठवणी पुष्कळ सांगितल्या जातात. मला वाटतं, सर्वांत आधी ही आठवण सांगायला हवी.

आज तिथे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. भिंतीवर १९८८ साली लावलेला फलक आहे. हिटलरच्या राज्यात ही संस्था वंशशुद्धीच्या धोरणाचा आधार झाली. १९४२पासून तिचे संचालक असलेल्या फॉन फेरशुअर यांचा जुना सहायक योजेफ मेंगेले आउशवित्सच्या छळछावणीतून मारलेल्या माणसांचे अवयव इथे अभ्यासासाठी पाठवत होता. फलकावरचा मजकूर मी शब्दकोश घेऊन वाचला. २०१४ साली जवळच विद्यापीठाच्या ग्रंथालयापाशी खोदकाम चालू असताना माणसांची हाडं निघाली. नंतर आणखी खोदलं तेव्हा सुमारे १६,००० तुकडे सापडले. काही वसाहतींतून आणलेल्या संग्रहातले असावेत, काही गुन्ह्यांतले. ही माणसं कोण, कुठली, हे ठरवण्यासाठी पुन्हा तीच मोजमापं करायची नाहीत, असा निर्णय झाला. २०२३च्या मार्चमध्ये डालेमच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती दिली. मी तिथे गेले आहे. तिथे एकाचंही नाव नाही. इरावतीबाईंनी ज्या कवट्या हातात धरल्या, त्यांच्यातलं काही त्या मातीत आहे का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

मी राहते त्या भागाला बव्हेरियन वस्ती म्हणतात. आइनस्टाइन १९३२पर्यंत इथे राहत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे बरीच सुखवस्तू ज्यू कुटुंबं होती. इथल्या दिव्याच्या खांबांवर ऐंशी पाट्या आहेत, रेनाटा श्टी आणि फ्रीडर श्नॉक या कलावंतांनी १९९३ साली लावलेल्या. एका बाजूला साधं चित्र, दुसऱ्या बाजूला त्या काळातला ज्यूंविरुद्धचा एक नियम आणि त्याची तारीख. पावाच्या चित्रामागे लिहिलंय की बर्लिनमधल्या ज्यूंनी खाण्याच्या वस्तू फक्त दुपारी चार ते पाच या वेळात घ्याव्यात. मी भाजी घेऊन येताना ती पाटी वाचली तेव्हा घड्याळात सहा वाजले होते.

फुटपाथवर पितळी चौकटी आहेत, दहा सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद. गुंटर डेमनिग या कलावंताने बर्लिनमध्ये त्या बसवायला १९९६ साली सुरुवात केली, तीही परवानगी न घेता. आज युरोपभर अशा एक लाखाहून जास्त चौकटी आहेत. ज्या घरातून माणसाला नेलं त्या घराच्या दारासमोर ती बसवतात. वर लिहितात: इथे राहत होती, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. आमच्या दारासमोर तीन आहेत. पहिले काही दिवस मी सामान उचलून त्यांच्यावरून गेले आणि मला दिसल्या नाहीत.

नऊ नोव्हेंबरला संध्याकाळी बाईंनी बादली, जुना मोजा आणि पितळ घासायची पेस्ट काढली. १९३८ साली त्या रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली. त्या दिवशी बरेच लोक आपल्या दारातल्या चौकटी घासतात. बाईंना गुडघ्यांमुळे वाकवत नव्हतं, म्हणून मी बसले. आमच्याकडे दिवाळीआधी चिंच लावून देवाची भांडी घासतात, तशी घासली. काळपट पितळ उजळलं आणि नावं वाचता आली. एक बाई, तिचा नवरा, तिची आई. बाईंनी शेजारी उभं राहून सांगितलं की १९३९पासून कायद्याने बहुतेक प्रत्येक ज्यू बाईला स्वतःच्या नावापुढे ‘सारा’ लावावं लागे, पुरुषाला ‘इस्राएल’. १९४२मध्ये दारावरच्या नावाशेजारी कागदाची चांदणी लावायची सक्ती झाली, म्हणजे न्यायला येणाऱ्यांना घर सापडावं. मग नाव उतरलं. फ्लॅट दुसऱ्या कुणाला मिळाला, दुसरी पट्टी लागली. “तुमचं नाव लावलं ना, त्याच पाटीवर,” त्या म्हणाल्या. पाटी अर्थात नंतरची आहे, घर युद्धानंतर दुरुस्त झालंय. पण जागा तीच.

वर आल्यावर त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, आता तू मला ‘डू’ म्हण. जर्मनमध्ये ‘झी’ म्हणजे तुम्ही आणि ‘डू’ म्हणजे तू. मोठ्या माणसाने आपणहून सांगितल्याशिवाय धाकट्याने तू म्हणायचं नसतं, आणि तोवर मोठंही धाकट्याला तुम्हीच म्हणतं. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाई महिनाभर मला, चोवीस वर्षांच्या मुलीला, अहो-जाहो करत होत्या. मला त्यांना ‘तू’ म्हणायला जीभ वळत नाही. मी नाव घेते आणि पुढे वाक्य असं फिरवते की सर्वनाम लागू नये. त्यांच्या ते लक्षात आलंय.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. भारताशी साडेतीन तासांचं असलेलं अंतर साडेचार तासांचं होतं. आईचा फोन रोज तिच्या रात्री साडेनऊला येतो. आधी तेव्हा माझ्याकडे सहा वाजलेले असत, आता पाच. नोव्हेंबरात पाचला इथे पूर्ण अंधार असतो, आणि ती रोज विचारते की दिवे का लावलेत इतक्यात.

बर्लिनला शिकायला येणार असाल, तर खोली ठरवताना भाड्याच्याही आधी एकच विचारा: इथे पत्ता नोंदवता येईल का? उत्तर ‘बघू’ असं आलं तर पैसे देऊ नका. पासपोर्टात वडिलांचं नाव तुमच्या नावाला जोडून असेल, तर विद्यापीठ, विमा, बँक सगळीकडे पासपोर्टाप्रमाणेच पूर्ण लिहा, कुठे एक आणि कुठे दोन असं करू नका. आणि पोचाल त्या दिवशी, बॅगा उघडण्याआधी, खाली जाऊन पेटीवर आणि घंटेवर आडनाव लावा. छापील पट्टी नसेल तर कागदावर मोठ्या रोमन अक्षरांत लिहून चिकटपट्टीने लावा. पोस्टमन सकाळी येतो.